उजवीकडून डावीकडे : हार्लेमच्या वाचनालयातील चार भित्तिचित्रे

आमच्या तालुक्याच्या गावातील एका वाचनालयात काही वर्षांपूर्वी एका पेंटरने आपली चित्रे मांडली होती. पेंटर हा शब्द गावात ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने मी वापरतो आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीतल्या भिंती, उरसाचे कापडी फलक. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही लिपी एकाच ब्रशाने लिहिणारा माणूस. फ्लेक्सची छपाई आली आणि दोन वर्षांत त्याच्या हातचे काम गेले. रिकाम्या दिवसांत त्याने चित्रे काढली. आपल्याच मोहल्ल्याची. पाण्याच्या टँकरपुढची रांग, यंत्रमागाच्या शेडमधली पोरे, बांगड्यांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी, कुलूप लागलेले दुकान. चित्रे वर्तमानपत्रांच्या दालनात दोऱ्यांवर कपड्यांचे चिमटे लावून टांगली होती. तीन दिवसांची परवानगी होती. दुसऱ्याच दिवशी ती उतरवावी लागली. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अडचण होते, असे कारण सांगितले गेले. कार्यकारिणीतील एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'वाचनालय वाचण्यासाठी असते, पाहण्यासाठी नसते.'

त्या वेळी मी तिथे हजर होतो आणि गप्प बसलो. सभासदत्वाची वर्गणी भरणारा, वर्षातून एकदा व्याख्यान देणारा प्राध्यापक. मला बोलता आले असते. पण मुद्दा असा की, त्या क्षणी मला त्या वाक्याचे उत्तर खरोखरच ठाऊक नव्हते. वाचनालयाच्या भिंतीचा आणि चित्राचा संबंध काय? शोभेसाठी थोरामोठ्यांच्या तसबिरी असतात, त्या आपण पाहतो कुठे? जयंतीला हार घालण्यापुरत्या त्या असतात. ज्याला चित्रे पाहायची त्याने आर्ट गॅलरीत जावे, असे मलाही आतून वाटत होते. आर्ट गॅलरी आमच्या गावापासून किती किलोमीटरवर आहे हा प्रश्न मात्र तेव्हा सुचला नाही.

या लेखात मी ज्या चार चित्रांबद्दल लिहिणार आहे ती न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या वस्तीच्या वाचनालयासाठी १९३४ साली काढली गेली. चित्रकाराचे नाव अ‍ॅरन डग्लस. मी ही चित्रे प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत, छापील प्रतींतून पाहिली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. साडेअकरा फूट लांबीचे चित्र वीतभर कागदावर पाहून त्याबद्दल मते मांडणे धोक्याचे आहे, याची मला कल्पना आहे. पण डग्लसलाही चित्रकलेची पहिली ओढ लागली ती छापील प्रतीमुळेच. कॅन्ससमधील टोपीका या गावी लहानपणी त्याच्या आईने एक मासिक घरी आणले होते. त्यात हेन्री टॅनर या कृष्णवर्णीय चित्रकाराचे चित्र छापलेले होते. आपल्यातला माणूस असे काढू शकतो, हे त्या मुलाला एका मासिकाच्या पानाने सांगितले. तेव्हा छापील प्रतीला कमी लेखू नये.

मराठी वाचकाला हार्लेमचे नाव नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. त्या आधी आणि नंतरही निग्रो साहित्याची चर्चा मराठीत होत राहिली, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी त्यावर सविस्तर लिहिले. लँग्स्टन ह्यूजचे नाव आपल्या कविसंमेलनांतूनही ऐकू येते. हे सगळे साहित्य आपल्याकडे आले, त्याची चित्रे मात्र आली नाहीत. याचे एक कारण म्हणजे आपली परिवर्तनवादी समीक्षा शब्दाच्या बाहेर फारशी पडली नाही. मुस्लिम मराठी साहित्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण कथा, कविता, आत्मकथने यांवर पुष्कळ बोललो. चित्रकार, पाटीवाला, कातिब यांच्याबद्दल किती लेख आले असतील? मी तरी लिहिलेला नाही.

आता त्या वाचनालयाकडे वळतो. १३५ व्या रस्त्यावरची ही शाखा १९०५ साली उघडली, तेव्हा हार्लेममधली वस्ती मुख्यतः गोऱ्यांची होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती बदलली. दक्षिणेतून, कॅरिबियन बेटांतून काळे लोक आले. १९२० साली अर्नेस्टीन रोझ या गोऱ्या बाई शाखेच्या प्रमुख झाल्या. दारातून आत येणारा वाचक काळा असेल तर काउंटरमागचा माणूसही त्यांच्यातला असला पाहिजे, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्याच वर्षी कॅथरीन लॅटिमर यांची नेमणूक झाली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील त्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल. आणि १९२१ साली, म्हणजे त्या चळवळीला 'हार्लेम रेनेसाँ' वगैरे भारदस्त नाव मिळण्याच्या आधीच, या शाखेत कृष्णवर्णीय कलावंतांच्या कामाचे प्रदर्शन भरले. ज्या कलावंतांसाठी शहरातील गॅलऱ्यांची दारे क्वचितच उघडत, त्यांना वस्तीतल्या वाचनालयाने भिंत दिली.

यात आणखी एक माणूस आहे, त्याच्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. आर्तुरो शोम्बर्ग. जन्म १८७४, पोर्तो रिको. लहानपणी शाळेतल्या शिक्षिकेने त्याला सांगितले की काळ्या माणसांना इतिहास नसतो, थोर पुरुष नसतात. त्या मुलाने ते वाक्य आयुष्यभर विसरायचे नाकारले. न्यूयॉर्कला एका बँकेत टपाल विभागात कारकुनी करत त्याने जन्मभर पुस्तके, हस्तलिखिते, छापील चित्रे, पत्रके जमवली. हजारोंनी जमवली. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलर देऊन तो संग्रह या शाखेसाठी विकत घेतला. १९३२ पासून १९३८ साली मृत्यू येईपर्यंत शोम्बर्ग स्वतःच त्या संग्रहाचा अभिरक्षक होता. डग्लसची चित्रे तयार झाली तेव्हा तो तिथेच होता.

'तुम्हाला इतिहास नाही' हे वाक्य आपल्याला परके वाटू नये. मराठीत मुसलमानांनी लिहिले तरी काय, असे विचारणारे आजही भेटतात. आपण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' सांगतो, शाहीर अमर शेख सांगतो, आणि समोरचा माणूस 'ते अपवाद' म्हणून मोकळा होतो. शोम्बर्गने वाद घातला नाही, पुस्तके गोळा केली. पण पुस्तकांतही एक अडचण असते. ती बंद असतात. कपाटात ५,००० पुस्तके आहेत हे बाकावर येऊन बसलेल्या, दिवसभर काम शोधून थकलेल्या माणसाला कसे कळावे? हिवाळ्यात ऊब मिळते म्हणूनही माणसे वाचनालयात येतात. त्या माणसाला भिंतीने सांगायला हवे होते. डग्लसच्या चित्रांचे काम नेमके हे होते, आणि म्हणून ती शोभेची चित्रे नाहीत.

डग्लस १९२५ साली हार्लेमला आला. त्या आधी तो कॅन्सस सिटीच्या शाळेत चित्रकला शिकवत होता. विनोल्ड राइस या जर्मन चित्रकाराने त्याला सल्ला दिला की आफ्रिकेच्या शिल्पाकडे पाहा. त्याने पाहिले, इजिप्तच्या भित्तिचित्रांकडेही पाहिले. त्यातून त्याने आपली एक शैली घडवली. सपाट छायाकृती, चेहरा बाजूने, खांदे समोरून, डोळ्याच्या जागी एक बारीक चीर. 'द क्रायसिस'सारख्या नियतकालिकांची मुखपृष्ठे, पुस्तकांतील चित्रे यांतून ही शैली घराघरांत पोहोचली. म्हणजे हा मुळात छापखान्याशी जोडलेला चित्रकार. १९३० साली त्याने नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील ग्रंथालयाच्या भिंती रंगवल्या. त्यानंतर वर्षभर पॅरिसला राहून तो परतला तेव्हा मंदीने हार्लेमचे कंबरडे मोडले होते. १९३३ च्या अखेरीस रूझवेल्ट सरकारने बेकार चित्रकारांना मजुरी देऊन सार्वजनिक इमारतींसाठी चित्रे काढून घेण्याची एक योजना सुरू केली. ती काही महिनेच चालली. पण तेवढ्या काळात ही चार चित्रे झाली. मालिकेचे नाव 'निग्रो जीवनाची अंगे' असे मराठीत करता येईल.

पहिले चित्र आफ्रिकेचे. दोन नाचणाऱ्या आकृती, ढोल वाजवणारे, भाले घेतलेले पुरुष आणि मध्यभागी उंचावर एक छोटी मूर्ती. मूर्तीभोवती प्रकाशाची वर्तुळे, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. ही वर्तुळे चारही चित्रांत आहेत आणि मालिका समजून घ्यायची ती त्यांच्यावरून. प्रत्येक चित्रात ती वेगळ्या वस्तूभोवती उठतात, आणि चित्रकाराच्या दृष्टीने त्या काळी उजेड कुठून येत होता हे सांगतात.

हे पहिले चित्र मला चौघांत अशक्त वाटते. त्यातली लय सुंदर आहे, पण तिथे कोणी राहत असेल असे वाटत नाही. डग्लसने तोवर आफ्रिका पाहिलेली नव्हती. त्याने जे काढले ते संग्रहालयातील शिल्पे आणि मनातील ओढ यांतून तयार झालेले मूळगाव आहे. उखडलेल्या समाजाला असे मूळगाव लागते, हे मी समजू शकतो. आपल्यातही काही घरांत वंशावळ थेट अरबस्तानात नेऊन पोहोचवण्याची हौस असते, आणि आजोबा मात्र पंचक्रोशीच्या बाहेर गेलेले नसतात. अशा चित्रात माणसापेक्षा मखर मोठे होते. डग्लसच्या पहिल्या चित्रात थोडे तेच झाले आहे.

दुसऱ्या चित्रापाशी मात्र थांबावे लागते. 'गुलामगिरीपासून पुनर्रचनेपर्यंत'. हे लांबट चित्र आहे, तीन भागांचे. मी पहिल्यांदा ते सवयीप्रमाणे डावीकडून पाहू लागलो आणि गोंधळलो. डावीकडे सैनिक पाठ फिरवून जात आहेत, बुरखे घातलेले घोडेस्वार येत आहेत. ही कू क्लक्स क्लॅन. मध्यभागी उंचावर उभा राहून एक वक्ता बोलतो आहे. उजवीकडे आनंदाचा गजर, तुतारी. म्हणजे आधी छळ, मग नेता, शेवटी मुक्ती? तसे असते तर ही एक प्रचारकी, गोड कहाणी झाली असती. पण डग्लसने या चित्रांसोबत एक छोटे निवेदन लिहून ठेवले आहे आणि त्यात स्पष्ट सांगितले आहे की हे चित्र उजवीकडून डावीकडे वाचायचे.

उर्दूचा कायदा मांडीवर घेऊन बसलेल्या कोणाही पोराला यात अवघड वाटणार नाही. आणि तसे वाचले की सगळा अर्थ पालटतो. उजवीकडे १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा वाचला जातो आहे, शंका आणि अनिश्चितता यांतून हर्ष उसळतो आहे. मध्ये तो वक्ता, हातात कागद, दुसरा हात दूर टेकडीवरच्या कॅपिटॉलकडे दाखवतो आहे. मताचा हक्क मिळाला, कायदेमंडळात माणसे गेली, ती दहा-बारा वर्षे. आणि डावीकडे, म्हणजे शेवटी, १८७७ साली उत्तरेचे सैन्य निघून गेले आणि क्लॅनचे घोडे आले. खालच्या बाजूला, सगळ्या काळात, कापसाची बोंडे आणि त्यांत वाकलेली माणसे. वर इतिहास घडतो आहे, खाली कापूस वेचणे थांबलेले नाही.

म्हणजे चित्र शेवटाला नेते ते मुक्तीकडे नव्हे, हिरावून घेतलेल्या मुक्तीकडे. इंग्रजी वाचणाऱ्या प्रेक्षकाचा डोळा डावीकडून सुरू होतो आणि उजवीकडच्या तुतारीपाशी सुखावतो. चित्रकाराने असे का केले असावे? काहींना ही निव्वळ रचनेची सोय वाटेल. मला वाटते, सरकारी मजुरीवर काढलेल्या चित्रात ज्याला वरवर पाहायचे आहे त्याच्यासाठी एक वाट आणि ज्याला समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी दुसरी वाट त्याने ठेवली. हे माझे अनुमान आहे. त्याच्या निवेदनात तसे काही नाही.

आणखी एक गोष्ट. या चित्रात प्रकाशाची वर्तुळे कशाभोवती आहेत? कागदाभोवती. जाहीरनाम्याचा कागद, वक्त्याच्या हातातला कागद. पहिल्या चित्रात उजेड मूर्तीतून येत होता, इथे तो लिहिलेल्या कागदातून येतो. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात घेतले की या वर्तुळांचे वजन कळते. आणि हे चित्र कुठे लावायचे होते? वाचनालयात. खाली बसलेल्या माणसाच्या हातात पुस्तक किंवा वर्तमानपत्र, आणि वर भिंतीवर कागदातून फुटणारा प्रकाश. हेच चित्र गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर टांगले तर वर्तुळे तीच राहतील, पण कागदाचा खालच्या कागदाशी असलेला संबंध तुटेल. आमच्या कार्यकारिणीच्या त्या सभासदांना मी द्यायला हवे होते ते उत्तर बहुधा इथे कुठेतरी आहे.

तिसऱ्या चित्राचे नाव फसवे आहे आणि ते मुद्दाम तसे आहे. 'दूर दक्षिणेतील रम्य ग्रामचित्र' असा त्याचा अर्थ. दक्षिणेतला काळा मजूर म्हणजे कापसाच्या शेतात गाणारा, बॅन्जो वाजवणारा आनंदी प्राणी, ही गोऱ्या करमणुकीने पसरवलेली प्रतिमा. डग्लस ती प्रतिमा चित्राच्या मधोमध ठेवतो. वादक आहेत, गाणारे आहेत, प्रकाशाची वर्तुळे त्यांच्याभोवती आहेत. उजवीकडे कुदळी-फावडी घेऊन राबणारी माणसे. आणि डावीकडे, कडेला, झाडाचा दोर आणि त्याखाली वाकून शोक करणारी माणसे. झुंडीने एकाला लटकवले आहे. पुन्हा उजवीकडून डावीकडे वाचा : श्रम, गाणे, फास.

झुंडबळी हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत आता नवा राहिलेला नाही, म्हणून त्या कडेच्या जागेबद्दल थोडे अधिक बोलतो. डग्लसने फास मध्यभागी का घेतला नाही? कडेला टाकून त्याने भीती सौम्य केली, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच चुकीचा नाही. सरकारी पैसा होता, सार्वजनिक जागा होती, मुले येणार होती. पण मला दुसरी बाजू जास्त पटते. अशा घटना समाजाच्या नजरेत कडेलाच असतात. गाणे मध्यभागी चालू असते. बातमी आतल्या पानावर एका रकान्यात येते. ज्याच्या घरचा माणूस गेला तो वाकलेला असतो, बाकीचे गाण्याकडे पाहत असतात. डग्लसने ती बातमी मोठी करून दाखवली नाही, ती जिथे असते तिथेच दाखवली. आणि ज्यांना उजवीकडून वाचायचे कळले आहे त्यांना शेवट म्हणून तीच भेटते.

या चित्रात वर एक तारा आहे आणि त्याची किरणरेषा तिरपी खाली येते. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवणारा हा ध्रुवतारा, असे कोणी म्हणतात. त्या दशकात डाव्या विचारांकडे झुकलेल्या चित्रकाराचा हा लाल तारा, असेही म्हणतात. मला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तारा कोणताही असो, त्याचा किरण दोराखालच्या माणसांनी पाहिलेला नाही. ती मान खाली घालून आहेत.

चौथे चित्र 'मनोऱ्यांचे गीत', नऊ फूट बाय नऊ फूट. गगनचुंबी इमारती तिरक्या होऊन अंगावर येणाऱ्या, आणि खाली यंत्राचे एक प्रचंड दातेरी चाक. उजवीकडे हातात बॅग घेतलेला एक माणूस त्या चाकावर चढत पळतो आहे, मागून वेठबिगारीचा पंजा त्याला ओढू पाहतो आहे. हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले आणि नंतरचे स्थलांतर. मध्यभागी चाकाच्या माथ्यावर उभा राहून एकाने सॅक्सोफोन उंच धरला आहे. ही विसाच्या दशकातली उमेद, जॅझ, स्वतःला व्यक्त करण्याची आस. दूर, मनोऱ्यांच्या फटीत, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा अंगठ्याएवढा. आणि डावीकडे एक माणूस कोसळला आहे. मंदी. चित्र १९३४ चे आहे, म्हणजे तो डावीकडचा भाग चित्रकाराचा वर्तमानकाळ होता. ज्या दिवशी चित्र पाहायला लोक येत होते त्याच दिवशी बाहेर मोफत जेवणाच्या रांगा होत्या.

गाव सोडून भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर, मुंबईच्या गोदीवर गेलेल्या माणसांच्या कथा आपल्या साहित्यात आहेत. त्या कथांत यंत्र बहुतेक वेळा राक्षस असते. डग्लसने केलेली गोष्ट वेगळी आहे. त्याच्या चित्रात चाक चिरडते, आणि त्याच चाकावर उभे राहिल्यामुळे वादकाला उंची मिळते. चाक नसते तर तो सॅक्सोफोन कुणाला दिसला नसता. शहराबद्दलचा हा दुहेरी भाव मला आपल्या कथांत क्वचित सापडला.

आता तक्रारी. एक तर चौथ्या चित्रात ओळखू येईल अशी एकही स्त्री नाही. शहरात आलेल्या काळ्या स्त्रिया दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, मुले सांभाळणे करत होत्या. मंदीत कित्येक घरे त्यांच्यावर चालली. चाकावर त्यांना जागा मिळाली नाही. दुसरी तक्रार चेहऱ्यांची. डग्लसच्या आकृतींना चेहरे नाहीत, फक्त चीर पाडलेला डोळा. आमच्या घरात चित्रातल्या चेहऱ्याबद्दल नाना प्रकारचे संकोच होते, त्यामुळे मला सुरुवातीला ही शैली सोयीची वाटली. पण चारही चित्रे पुन्हा पुन्हा पाहिली की उणीव जाणवते. चेहरा नसल्यामुळे तो कोणीही होऊ शकतो हे खरे, आणि तो कोणी एक होत नाही हेही खरे. समाजाची कहाणी सांगता सांगता माणूस छायेपुरता उरतो. आपल्या चळवळीतल्या पुष्कळ कवितांचा दोष हाच आहे. 'आम्ही' फार, 'मी' कमी.

ही उणीव भरून काढणारा चित्रकार त्याच वाचनालयात बसून वाचत होता, हा योगायोग नव्हे. जेकब लॉरेन्स. जन्म १९१७, तेराव्या वर्षी आईकडे हार्लेमला आलेला मुलगा. शाळा अर्धवट सुटली आणि १३५ व्या रस्त्यावरची शाखा हीच त्याची शाळा झाली. हैतीच्या गुलामांचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्यावर त्याने शोम्बर्गच्या संग्रहातली पुस्तके वाचून ४१ चित्रे केली. मग १९४०-४१ मध्ये स्थलांतरावर ६० छोट्या फळ्या. प्रत्येक फळीला त्याने मथळा लिहिला, आणि मथळे आधी, चित्रे नंतर. डग्लसने एका भिंतीवर जे चाकावर चढणाऱ्या एका माणसात दाखवले, ते लॉरेन्सने ६० तुकड्यांत मांडले : रेल्वेचा फलाट, तुरुंग, शाळेची फळी, पाव, कपडे धुणारी बाई. वाचनालयाने चित्रे टांगली आणि वाचनालयातूनच पुढची चित्रे निघाली. लॉरेन्सच्या त्या ६० फळ्या पुढे दोन संग्रहालयांनी वाटून घेतल्या. विषम क्रमांक वॉशिंग्टनला, सम क्रमांक न्यूयॉर्कला. मोठा सन्मान. पण कहाणी एक आड एक झाली. डग्लसची चार मात्र शोम्बर्ग संग्रहातच राहिली. १९८० साली संग्रहाला नवी इमारत मिळाली, चित्रे त्याच संस्थेची आहेत. डग्लस पुढे फिस्क विद्यापीठात कलाविभाग उभारून १९६६ पर्यंत शिकवत राहिला आणि १९७९ साली वारला.

आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तपासणीला माणूस येतो तो पुस्तके मोजतो, सभासद मोजतो, नियतकालिके मोजतो. भिंत मोजायचा रकाना नाही.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी चौथ्या चित्राची एक रंगीत प्रत काढून मी पेंटरचाचांकडे घेऊन गेलो. त्यांची ती चित्रे आता घरातल्या पलंगाखाली आहेत, दोन वाळवीने गेली. त्यांनी प्रत उजेडात धरली आणि बोट उजवीकडे ठेवून डावीकडे नेले. मी काहीच सांगितलेले नव्हते. कोसळलेल्या माणसावर बोट थांबले.

'इसके पैसे किसने दिये, सर?'

मी म्हणालो, सरकारने.

'और दीवार?'

'वाचनालय ने.'

ते काही वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, हा हिरवा डब्यातला नाही, यात पांढरा आणि थोडा तपकिरी मिसळलेला आहे, नाहीतर धूर असा दिसला नसता. प्रत ठेवू का, असे त्यांनी विचारले. मी ठेवा म्हणालो.